डाव्या पायाचं कुंकू

विमानाला पाय असतात आणि उडाल्यावर ते पोटात घेता येतात, ही गोष्ट माझ्या वडिलांना शाळेत असल्यापासून माहीत होती. आत घेतलेले पाय परत बाहेर आले नाहीत तर काय करायचं, हे मात्र त्यांनी गेल्या डिसेंबरात देवळाली प्रवराच्या वर, सातशे फुटांवर, मी शेजारच्या खुर्चीत बसलेली असताना शिकून घेतलं. परत आल्यापासून ते हा प्रवास सगळ्यांना सांगताहेत. त्यांच्या सांगण्यात स्वच्छ आकाश आहे, भरपूर फेटे आहेत आणि पायांचा उल्लेख नाही. म्हणून मी लिहून काढते आहे. मला बोलण्यापेक्षा लिहिणं सोपं जातं. त्यातून मराठीत लिहिलं की आमच्या घरच्या ओळखीतलं फारसं कोणी वाचत नाही.

विमान बाबांनी स्वतः बांधलं आहे. परदेशातून खोक्यांत सुटे भाग आले आणि चाकणच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये नऊ वर्षं त्यांचं विमान होत राहिलं. दोन खुर्च्या, एक इंजिन आणि विमानापेक्षा जड अशी परवानग्यांची फाइल. याच विमानाचा एक साधा प्रकारही मिळत होता, त्याचे पाय कायम बाहेर असतात. बाबांनी तो घेतला नाही. "उडताना पाय लोंबकळणारा पक्षी बघितलायस कधी?" त्यांनी मला विचारलं होतं. बगळा, मी मनात म्हटलं. मनात म्हणणं ही माझी जुनी सवय आहे आणि या प्रवासात ती फार महागात पडणार होती.

पाय आत-बाहेर करण्याची रचना सोपी आहे. एक छोटा पंप लाल रंगाचं तेल नळ्यांमधून ढकलतो, तेल पिस्टनला ढकलतं, पिस्टनचा चकचकीत दांडा पायाला ढकलतो. समोर एक लिव्हर असते, तिच्यावर तीन दिवे. पाय पूर्ण बाहेर येऊन अडकला की त्याचा दिवा हिरवा होतो. तेल संपलं तर पाय जिथे असेल तिथे. दांड्यावर कण राहिला तर तेल अडवणारी कडी, म्हणजे सील, कापलं जातं; तो दांडा आरशासारखा स्वच्छ राहावा म्हणून माझे वर्षभराचे रविवार बिनधाग्याच्या कापडाने तो पुसण्यात गेले आहेत. त्यावर बोट जरी लागलं तरी बाबा, "हा काय जिन्याचा कठडा आहे?" असं ओरडायचे.

पारनेरवरून

पुण्याबाहेरच्या खासगी धावपट्टीवरून निघालो तेव्हा नऊ वाजले होते. पारनेर तालुका वरून खाकी दिसतो. त्यात मधे मधे शेततळी, काळ्या प्लास्टिकवर पाणी धरून, कुणीतरी चष्मे विसरून गेल्यासारखी. सुप्याच्या बाजूला डोंगरावर पवनचक्क्या होत्या, त्यांतल्या निम्म्या फिरत होत्या आणि निम्म्या त्यांच्याकडे बघत होत्या. मग मुळा नदी ओलांडली आणि कुणीतरी ब्रश बदलावा तसा रंग बदलला. राहुरीचा ऊस. इतका सलग हिरवा की बाबांनी दोनदा धावपट्टी शोधली आणि दोनदा कालवा सापडला.

धावपट्टी देवळाली प्रवराजवळच्या एका साखर कारखान्याची. पूर्वी कधी तरी कोणी मोठा माणूस येणार म्हणून बांधलेली. तो येऊन गेल्यापासून तिच्यावर मका वाळवतात आणि घरच्या सुनांना स्कूटी शिकवतात. आम्ही येणार म्हणून मका गोळा केला होता. सुना मात्र कडेला रांगेत उभ्या होत्या, स्कूटीसकट.

आम्हाला बोलावलं होतं आण्णांनी. आण्णा म्हणजे बाबांचे इंजिनियरिंग कॉलेजच्या हॉस्टेलमधले खोलीतले सोबती, आता कारखान्याचे संचालक. कारखान्याच्या शाळेचा कार्यक्रम होता आणि त्यांना शोभेला विमान हवं होतं. पुण्यात आमच्या सोसायटीने या विमानाबद्दल आजवर तीन लेखी तक्रारी केल्या आहेत: पंख घासल्याची धूळ, रंगाचा वास, आणि बाबांचं त्याविषयी बोलणं. इथे बाबा पंखावरून उतरले तेव्हा ढोल वाजला. त्यांच्या चेहऱ्यावर नऊ वर्षांनी पहिल्यांदा आपल्याला योग्य गाव सापडल्याचा भाव होता.

प्रश्न आले, भराभर. ॲव्हरेज किती देतं? गीअर किती? उसावर फवारणी होईल का? मला विचारलेले प्रश्न वेगळे होते आणि ते पुण्यातही तेच असतात, त्यामुळे उत्तरं तयार होती.

मग सुमनकाकू आल्या, आण्णांच्या पत्नी, हातात पूजेचं ताट. इथे नवा ट्रॅक्टर असो, बोअरची गाडी असो की ऊसतोडीचं मशीन, पूजा झाल्याशिवाय कामाला लागत नाही. इंजिनाच्या झाकणावर स्वस्तिक काढलं. चाकांखाली लिंबं ठेवली. नारळ फुटला. इथवर मला सगळं आवडलं. पण ताटाबरोबर आलेल्या दहा-बारा बायकांनाही हात लावायचा होता, आणि हात लावायचा तर विमानाच्या सगळ्यात देखण्या जागी लावणार. पंखाखाली वाकून त्यांनी ती जागा शोधली. चकचकीत दांडा. तेलात कालवलेलं कुंकू, वर हळद, वर अक्षता, असं प्रत्येकीने डाव्या पायाच्या दांड्याला बोटाने ओढून लावलं. उजवा पाय ढोलवाल्यांच्या बाजूला होता म्हणून वाचला.

मी बाबांकडे पाहिलं. केशरी फेटा बांधून ते हात जोडून उभे होते. फेट्यातून ऐकू कमी येतं असं नाही, पण दिसतं कमी, हे मी स्वतः पाहिलं. मी तोंड उघडलं. तेवढ्यात काकू माझ्यासमोर आल्या, "या ताई, तुमाला बी लावते," म्हणाल्या. माझ्या कपाळाला कुंकू लागलं आणि तोंड मिटलं.

संध्याकाळी बाबांनी आण्णांना एक चक्कर मारून आणली. मी खालून मोजलं. पाय पाच वेळा आत गेले आणि पाच वेळा बाहेर आले. एका चक्करीत एकदाच जावे लागतात. उरलेल्या चार वेळा आण्णांना दाखवायला.

जेवायला बाजरीची भाकरी, शेंगदाण्याचं कालवण आणि ठेचा. ठेच्याने माझ्या डोळ्यांतून पाणी आलं तेव्हा काकूंनी काही न विचारता दह्याची वाटी सरकवली. इतक्या कमी शब्दांत कोणी माझी सोय केली की मी त्या घराची होऊन जाते.

देवळाली प्रवरा, सकाळ

सकाळी मळीच्या गोडसर वासात मी विमानाकडे गेले. डाव्या पंखाखाली सिमेंटवर लाल थेंब होते, दहा-बारा. विमानावर राखणीला ठेवलेले गृहस्थ म्हणाले, "कुंकू हाय ताई. दवानं भिजलंय."

मी वाकून बोट लावलं. बोट तेलकट झालं. कुंकूही तेलात कालवलेलंच होतं, मी स्वतःला सांगितलं. आमच्या विमानाचं तेलही त्याच रंगाचं असतं, हे मी स्वतःला सांगितलं नाही. बोट जीन्सला पुसलं आणि चहा प्यायला गेले. या प्रवासात बऱ्याच जणांनी मूर्खपणा केला, पण माहीत असून केलेला हा एकच.

कार्यक्रम दहाचा होता. प्रमुख पाहुणे साडेबाराला आले. स्टेजवरच्या फ्लेक्सवर माझा फोटो होता, आधार कार्डावर असतो तसा, खाली 'वैमानिक कन्या'. मला सायकलसुद्धा जपून चालवावी लागते. मी आण्णांना तसं सांगायला गेले. "ऱ्हाऊ दे ग," ते म्हणाले, "शाळेतल्या पोरी बघत्यात. त्यांना बरं वाटतं." आणि मला बाबांच्या शेजारी बसवून काचेचं झाकण लावण्यात आलं.

उडालो. बाबांनी पाय आत घेतले. खाली मांडव, ऊस, कारखान्याचा धूर. एक मोठी चक्कर मारून बाबांनी लिव्हर खाली केली. पंपाचा आवाज आधी नेहमीसारखा, मग एकदम हलका झाला, काही वाटावं लागत नसलेल्या मिक्सरसारखा. पुढचा दिवा हिरवा. उजवा हिरवा. डावा काळा.

बाबांनी दिव्यावर टिचकी मारली.

"बल्ब गेलाय," ते म्हणाले. उजवीकडचा बल्ब काढून डावीकडे बसवला. तरी काळा. उजवीकडे परत बसवला, तो हिरवा झाला. बल्बची तब्येत उत्तम होती.

"बाबा, सकाळी पंखाखाली लाल तेल होतं."

"कुंकू होतं ते."

"तेल होतं. कुंकवाने सील कापलं असणार. काल बायकांनी दांड्याला लावलं."

"दांड्याला?" नऊ वर्षांत त्यांचा आवाज असा ऐकला नव्हता. "आणि तू बघत होतीस?"

"तुम्हीपण तिथेच होतात. फेट्यात."

एक पाय अर्धवट बाहेर असलेलं विमान टेकलं तर ते त्या बाजूला कलंडतं, पंख जमिनीत रुततो, पुढचं काय होतं ते मी बाबांच्याच पुस्तकांत चित्रांसकट पाहिलेलं होतं. पेट्रोल पंखांत असतं. मी हात मांड्यांखाली दाबून बसले.

पाय खरंच किती बाहेर आहे हे आतून दिसत नाही. बाबांनी विमान मांडवावरून अगदी खालून नेऊन दाखवायचं ठरवलं आणि हेडफोनला जोडलेल्या मोबाईलवरून आण्णांना फोन लावला.

"आण्णा, डावा पाय बघ. पूर्ण खाली आलाय का?"

"दिसतंय की! लई झकास दिसतंय!"

"झकास नको रे, पाय! डावा पाय!"

"परत एकदा मार चक्कर, सायबांनी फोन काढलाय शूटिंगला."

फोनमध्ये मागून लाऊडस्पीकर ऐकू येत होता. "हे विमान आता आपल्या मान्यवरांना मानवंदना देत आहे!" टाळ्या. आम्ही दुसऱ्यांदा गेलो. "पुन्हा एकदा मानवंदना!" जास्त टाळ्या. तिसऱ्या वेळी ढोल सुरू झाला. आपण मरायला आलो आहोत आणि खालचे लोक खूश आहेत, अशी वेळ फार कमी जणांवर येत असेल.

मग फोनवर वेगळा, शांत आवाज आला. "साहेब, मी शकील. संगमनेरला हायड्रॉलिकचं काम करतो, ट्रॉल्यांचं, ऊसतोडीच्या मशीनचं. फोन मी घेतलाय आण्णांकडून. तुमचा डावा पाय अर्ध्यात लटकलाय. दुसरे दोन बरोबर हायेत."

"तेल गेलंय," बाबा म्हणाले.

"गेलंय. पंखाखालून ओघळ दिसतोय. आता पंप चालवू नका. नळीतलं उरलेलं प्रेशर सोडायला काय हाय का?"

होतं. त्यासाठी नळाला असते तशी चावी होती. बाबांनी ती माझ्या खुर्चीच्या मागे, खाली, तिरकी बसवली होती, कारण तिथे जागा शिल्लक होती. विमानात एकटा माणूस असेल तर त्याने ती कशी फिरवायची, हा प्रश्न नऊ वर्षांत कुणाला पडला नव्हता.

"ते सोडा," शकीलभाई म्हणाले. "पाय मोकळा होऊ द्या. मग विमान डावी-उजवीकडं झटका. ट्रॉलीचा जॅक अर्ध्यात अडकला की आमी ट्रॅक्टर खड्ड्यातनं घालतो, तसं. वजनानं बसंल."

मी पट्टा सोडला, गुडघ्यावर उलटी वळले, खांदा निखळेल इतका हात मागे घातला. चावी बोटांना लागत होती, पकडीत येत नव्हती.

"डावीकडे फिरव," बाबा म्हणाले.

"माझ्या डावीकडे की तुमच्या?"

"अगं, घड्याळाच्या उलटं!"

फिरली. तेलाचा एक उसासा आला. मी पट्टा लावला आणि बाबांनी पायांखालची पॅडल एकदा डावी, एकदा उजवी अशी दाबली. विमानाचं शेपूट मांजरासारखं हललं. काही नाही. पुन्हा. माझं डोकं काचेवर आपटलं. तिसऱ्यांदा खालून 'खट्' असा आवाज आला, खुर्चीतून थेट कण्यात, आणि दिवा हिरवा झाला.

आम्ही दोघांनीही बराच वेळ त्या दिव्याकडेच पाहिलं. शेवटी मी म्हटलं, "बाबा, समोर बघा."

उतरलो ते बरोबर उतरलो. पण मला त्या दिवसातलं सगळ्यात नीट आठवतं ते त्यानंतरचं. प्रमुख पाहुण्यांनी भाषणात सांगितलं की विमानाला हवेत नाचवणारा असा कलावंत त्यांनी आजवर पाहिला नव्हता. बाबांना शाल, नारळ, पुन्हा फेटा. मला वाटलं, आता ते माईक हातात घेऊन खरं सांगतील. त्यांनी माईक घेतला. "ही सगळी तुमच्या प्रेमाची ताकद," म्हणाले आणि बसले. मग मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी मोजून एक बोलले, "धन्यवाद". तोही खरा नव्हता.

शकीलभाई मांडवात नव्हतेच. ते शर्ट काढून डाव्या पंखाखाली उताणे पडले होते. मी गेले तेव्हा त्यांनी बोट पुढे केलं. बोटावर लाल लगदा आणि तांदळाचा अर्धा दाणा. "ह्यानं सील खाल्लं, ताई. पूजा करावी. आमच्या वर्कशॉपात बी नव्या मशीनला नारळ फुटतो, मीच फोडतो. पण कुंकू बोनेटला लावा म्हनतो, टायरला लावा म्हनतो. दांड्याला कुनाला शिवू देत न्हाई. तुमी का न्हाई सांगितलं?"

"लाजले."

त्यांनी त्यावर हसायला हवं होतं. ते हसले नाहीत, बोट पुसलं.

संगमनेर

दुसऱ्या दिवशी आण्णांच्या गाडीतून, उसाच्या जोडट्रॉल्यांच्या मागे सरपटत आम्ही संगमनेरला गेलो, मांडीवर फडक्यात गुंडाळलेला डाव्या पायाचा सिलिंडर, दांडा आणि सील ज्यात बसतात तो. सील परदेशातून मागवायला तीन आठवडे लागतील, असं बाबा वाटेत चार वेळा म्हणाले. शकीलभाईंच्या वर्कशॉपमध्ये भिंतीवर तारेत ओवलेली सीलं होती, कासाराच्या दुकानात बांगड्या असतात तशी. आमच्या मापाचं त्यात नव्हतं. त्यांनी व्हर्नियरने तीनदा माप घेतलं, लेथवर एक पिवळसर प्लास्टिकची कांडी लावली आणि वीस मिनिटांत सील कातून दिलं. बाबा आधी सूचना करत होते. मग सूचना थांबल्या. नंतर ते लेथच्या जवळ सरकले आणि हात पाठीमागे बांधून बघत राहिले, शाळेतल्या मुलासारखे. इतका वेळ ते गप्प बसू शकतात, हे मला तिथे कळलं.

दुपारी स्टँडजवळ मासवडी खाल्ली. झणझणीत रश्श्यात बुडालेली, आत तीळ-खोबऱ्याचं सारण. बाबांनी रस्सा तीनदा मागितला. त्यांना भूक लागली होती की बोलणं टाळायचं होतं, ते त्यांनाच ठाऊक.

निघताना शकीलभाई म्हणाले, "साहेब, सील चांगलं हाय. पण मी ट्रॉलीचा मानूस. ट्रॉलीचा जॅक अडकला तर ट्रॉली रस्त्यावर उभी ऱ्हाती. पुण्यापातुर पाय बाहेरच ठेवून जावा. तिथं तुमचं काय ते सील येऊ द्या."

"बघू," बाबा म्हणाले. आमच्या घरात 'बघू' म्हणजे 'नाही'.

निघण्याची सकाळ

सिलिंडर बसवला, डब्यातलं राखीव लाल तेल भरलं. ट्रॉलीच्या जॅकवर विमान उचलून बाबांनी पाय वीस वेळा आत-बाहेर केले. वीस वेळा तीन हिरवे दिवे. त्यांचा चेहरा परत नऊ वर्षांपूर्वीचा झाला.

"झालं! अर्ध्या तासात घरी. पाय आत घेऊन, सुसाट."

निरोपाला पंधरा-वीस माणसं जमली होती. मी पंखाजवळ उभी होते, खुर्चीत चढले नाही. कुंकवाच्या ताटासमोर आणि स्टेजवर मिटलेलं तोंड या वेळी उघडलं.

"बाबा, पाय बाहेर ठेवून जायचं असेल तर मी बसते. नाहीतर मी एसटीने जाते."

"वीस वेळा आले ते."

"एकविसाव्या वेळी आत मी असेन."

बाबा इतरांसमोर हसतात तसं हसले. "घाबरलीये जरा."

"हो," मी म्हटलं. "घाबरलेय. तुम्हीपण घाबरला होतात. नाहीतर चांगला बल्ब कशाला बदलत बसला असतात?"

हे मी मोठ्याने, वीस माणसांसमोर म्हटलं, यावर माझाच विश्वास बसला नाही. आण्णांनी बाबांची बाजू सावरली, "अगं, पन पाय लोंबकळत उडायचं म्हंजे... लोक काय म्हनतील?"

"लोक खालीच असत्यात की," सुमनकाकू म्हणाल्या. "त्यांचं काय जातंय? लेकीचं ऐका भाऊजी."

बाबांनी फेटा काढला. तो नीट घडी करून मागच्या जागेत ठेवायला त्यांनी जरुरीपेक्षा खूप जास्त वेळ लावला. मग म्हणाले, "बस. पाय बाहेरच."

पाय बाहेर असले की हे विमान वाऱ्याला सगळीकडून अडतं. वेग निम्म्यावर येतो, सगळं अंग गुरगुरतं. ऊस संपला. पारनेरची माळरानं इतक्या सावकाश खालून गेली की शेततळ्यावर धुणं धुणारी बाई मान वर करून आम्हाला पूर्ण बघू शकली. समोर तीन हिरवे दिवे, तिन्ही जागचे. एकदा बाबांची नजर वेगाच्या काट्यावर गेली, मग लिव्हरवर, आणि त्यांचा हात मांडीवरून उचलला गेला.

मी माझा हात आधीच लिव्हरवर ठेवला होता.

"नुसतं बघत होतो," ते म्हणाले.

"बघा," मी म्हटलं, आणि पुण्याबाहेरच्या धावपट्टीवर तिन्ही चाकं टेकेपर्यंत हात काढला नाही.